ग्रहणात काही चिरलं होतंस का?

दुभंगलेल्या ओठाचं बाळ कुशीत आलं की पहिला प्रश्न आईला विचारला जातो. मुरबाड-शहापूरकडच्या आयांसोबत ओपीडीच्या बाकड्यावर बसून ऐकलेलं, आणि बरंचसं स्वतःचंही...

लेबर रूममध्ये बाळ रडलं की सगळे हसतात, असं सिनेमात बघितलं होतं. माझं बाळ चांगलं खणखणीत रडलं आणि खोलीतले सगळे गप्प झाले.

“मुलगी आहे,” डॉक्टर म्हणाले. पुढे त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, ते त्यांनी गिळलं. सिस्टरने तिला दुपट्यात गुंडाळून माझ्याजवळ आणलं, ते नाकापर्यंत झाकून. मीच दुपटं खाली ओढलं. वरचा ओठ डावीकडे थेट नाकपुडीपर्यंत उघडा होता. ती पुन्हा रडली तेव्हा दिसलं, की आत टाळूही दुभंगलेली आहे.

जानेवारी २०२३. कल्याणचं एक छोटंसं मॅटर्निटी होम. नवरा बाहेर पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा. आई आत आली. तिने बाळाकडे खूप वेळ बघितलं. आणि मग अगदी हळू आवाजात मला विचारलं, “ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?”

झालं! टाके ओले, अंगात कणकण आणि वर हा प्रश्न. तोही सासूने नाही, सख्ख्या आईने. त्या क्षणी मला तिचा जो राग आला, तो पुढे अडीच वर्षं टिकला.

माझं माहेर मुरबाड. कल्याणहून नगरच्या रस्त्याला लागलात की साधारण तीस किलोमीटर. तुमच्यापैकी बरेच जण पावसाळ्यात माळशेज घाटात धबधब्याखाली फोटो काढायला जाताना आमच्या गावातून गेलेले असणार, वडापाव खायला थांबलेलेही असणार. मुरबाडला रेल्वे नाही. रेल्वे येणार, येणार हे मी बालवाडीपासून ऐकत आलेय. कल्याणपर्यंत एसटी किंवा जीप आणि पुढे लोकल, असंच कॉलेज केलं, तशीच नोकरी धरली. आता डोंबिवलीत वन बीएचके आणि ऐरोलीत आयटी कंपनी. म्हणजे तुमच्यासारखीच.

आणि हो, ग्रहणात मी चिरलं होतं.

२०२२ ची दिवाळी आठवतेय? २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्याला ग्रहण लागलं. पाडवा आणि भाऊबीज मग एकाच दिवशी, २६ ला आले. मी सातव्या महिन्यात, माहेरी. पावणेपाचनंतर सूर्याचा लचका निघाला आणि तो तसाच अस्ताला गेला. मी तेव्हा ओट्याशी उभी राहून शंकरपाळ्यांवर कातणं फिरवत होते. फराळाचा डबा संपला होता, भाऊबीजेला पाहुणे येणार होते. एवढंच.

नंतर रात्ररात्र जागताना मी हिशोब मांडला. इंजिनीअर माणूस, दुसरं काय करणार! बाळाचा चेहरा पोटात एकसंध तयार होत नाही. कपाळाकडून आणि दोन्ही गालांकडून भाग वाढत येतात आणि मध्ये येऊन एकमेकांना जोडले जातात. ओठाची ही जोडणी चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते, टाळूची साधारण सहाव्या ते नवव्या. काही कारणाने ती राहून गेली की फट राहते. म्हणजे ओठ फाटत नाही, तो जोडलाच जात नाही. बऱ्याच जणींना तोवर आपल्याला दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं. माझ्या बाबतीत हे आठवडे येतात मे-जूनमध्ये. दिवाळीत मी कातणं हातात घेतलं, तेव्हा तिचा चेहरा कधीचाच तयार झाला होता, आहे तसा. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला एक चंद्रग्रहण होतं खरं, पण ते भारतातून दिसलंच नव्हतं. आणि जे दिसत नाही ते पाळायचं नाही, हे तर पंचांगवालेच सांगतात.

मग कारण काय? जनुकं असतात, सिगरेट असते, फिट्सवरची काही औषधं असतात. पण बहुतेक घरांत एकच एक असं बोट ठेवायला कारण सापडत नाही. जगात साधारण दर सातशे जन्मांमागे एक बाळ असं येतं. भारतात वर्षाला दोन कोटींच्या वर बाळं जन्मतात, तेव्हा भागाकार तुम्हीच करा. आणि गंमत म्हणजे तिकडे मेक्सिकोतसुद्धा आईला ग्रहणाचंच विचारतात. तिथल्या गरोदर बायका म्हणे ग्रहणात पोटाशी सेफ्टी पिन लावतात. हे वाचल्यावर मला का कोण जाणे, बरं वाटलं. आरोपी एकटी मीच नव्हते तर!

सहा तासांची ड्यूटी

पण हा सगळा शहाणपणा नंतरचा. पहिल्या दिवशी प्रश्न एकच होता. ही दूध कसं पिणार?

टाळू दुभंगलेली असली की तोंडात ओढच तयार होत नाही. स्ट्रॉला मध्येच भोक असेल तर कोल्ड कॉफी वर येते का? तसंच. बाळ तोंड हलवतं, दमतं आणि झोपून जातं. आपल्याला वाटतं, पिऊन झोपलं. खरं तर ते उपाशी झोपलेलं असतं. थोडंफार आत गेलं तर नाकातून बाहेर. पहिल्यांदा दूध नाकातून आलं तेव्हा मी किंचाळले होते. सिस्टर म्हणाली, बाटली द्या. बाटलीने तेच. जन्मतः दोन किलो सहाशे असलेली पोर पाचव्या दिवशी दोन किलो तीनशेवर आली.

उत्तर निघालं आईच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून. बोंडलं! चोच असलेलं ते चांदीचं छोटं भांडं, ज्यातून मला आणि भावाला गुटी पाजली होती. काळं पडलं होतं. आईने ते चिंच लावून घासलं, उकळलं आणि माझ्यासमोर ठेवलं. एक शब्द बोलली नाही. दक्षिणेतलं ‘पलाडै’ हे याचंच भावंड, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मोठमोठ्या हॉस्पिटलांतही ते वापरतात, हे मला पुढे मुंबईच्या सिस्टरने सांगितलं. तेव्हा आमच्या घरातल्या बोंडल्याचा भाव एकदम वधारला.

पद्धत अशी. बाळाला आडवं ठेवायचं नाही. निदान अर्धं उभं धरायचं, डोकं वर. दूध गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, ती गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की ठसका. दुधाबरोबर हवा फार जाते, म्हणून मध्ये मध्ये खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. एका वेळेला चाळीस मिनिटं. दिवसातून नऊ वेळा. म्हणजे नुसतं पाजण्याचे सहा तास! त्याआधी दूध काढायचं, ते वेगळं. माझी रात्रपाळी, आईची दिवसपाळी. हँडओव्हरला फक्त आकडे. “तीस एमएल.” “पंचवीस, पाच बाहेर काढलं.” आमच्यात दुसरं बोलणं नव्हतं.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, “लिहिलंय ते दिसतंच आहे की.”

बारशाला फोटोग्राफर बोलावला नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, कुणी बोलावलाच नाही, इतकंच. मोबाइलवर जे फोटो निघाले त्यात पाळणा आहे, झालर आहे, घुगऱ्या आहेत, तिची मेंदी लावल्यासारखी लालचुटुक पावलं आहेत. चेहरा एकातही नाही. ऑफिसच्या ग्रुपवर मी पावलांचाच फोटो टाकला. ‘सो क्यूट’चा पाऊस पडला. तुम्हीही असा पावलांचा फोटो कुणाकडून आलेला बघितला असेल. पुढच्या वेळी आला तर नुसतं हार्ट न टाकता एक फोन करा, अशी आपली माझी विनंती.

पण सगळ्यात खोल गेलं ते वेगळंच वाक्य. बोलणारी चांगली शिकली-सवरलेली, माझ्याच वयाची. म्हणाली, “अगं, सोनोग्राफीत दिसलं नव्हतं का? दिसलं असतं तर...” पुढचं तिने हवेत सोडलं. पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये दुभंगलेला ओठ बऱ्याचदा दिसतो. फक्त टाळू असेल तर सहसा दिसत नाही. माझ्या स्कॅनमध्ये तो निसटला. पण दिसला असता तर? आधी कळलं असतं तर मी बोंडलं आधी शोधून ठेवलं असतं, असं आज मी सगळ्यांना सांगते. त्या पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मी इथे लिहिणार नाही.

बाकड्यावरची शाळा

मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात अशा बाळांची वेगळी ओपीडी होती. आठवड्यातून एक दिवस. तिथल्या लांबलचक बाकड्यावर मी जे शिकले ते गूगलवर नव्हतं. मुळात, तिथे कुणी कुणाच्या बाळाचं दुपटं वर ओढत नव्हतं. दुपटं खाली करून बाळं एकमेकांना दाखवत होत्या बायका! “तुझ्याचा एका बाजूनेच आहे गं, माझ्याचा दोन्हीकडून.” जणू साड्यांचे काठ.

माझ्या शेजारी बसायची ती शहापूर तालुक्यातली, डोळखांबच्याही पुढे कुठल्याशा पाड्यावरची. वय असेल बावीस. अंधारात निघायची. आधी पायी, मग जीपने आसनगाव, मग खचाखच लोकल. तिच्या मुलाचा ओठ धडधाकट होता. फट फक्त आत, टाळूला. म्हणून कुणाला कळलंच नाही. “दूध नाकातनं यायचं, मला वाटलं सर्दीच हाय,” ती म्हणाली. भगताने अंगारा दिला. सासू म्हणाली, हिच्या दुधातच दोष. तिने पाजणं थांबवून पाहिलं, वरचं गाईचं दूध पाणी घालून दिलं. पोर वाळत चाललं. शेवटी आशाताईने एके दिवशी बाळ रडत असताना टॉर्च मारून तोंडात बघितलं. “ताई, तिला भोक दिसलं आन् मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, चला, माझं दूध चांगलं हाय.”

मी माझ्या उकळलेल्या बोंडल्याची फुशारकी मारली, तर ती शांतपणे म्हणाली, “आमच्याकडं फेब्रुवारीपासून टँकर.” आता हे जरा नीट ऐका. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत. तुमच्या ऑफिसच्या वॉटर कूलरमधलं पाणी तिच्याच मुलखातून येतं. आणि बाळाचा चमचा उकळायला लागणाऱ्या पातेलंभर पाण्यासाठी तीच हंडा घेऊन टँकरची वाट बघते. मुंबईत आल्यावर ती पहिल्यांदा काय करायची, तर हॉस्पिटलच्या नळावर बाळाचा वाटी-चमचा मनसोक्त धुवायची.

या बाळांना शोधून काढायची सरकारी यंत्रणा आहे बरं का. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ तिचं नाव. ६ फेब्रुवारी २०१३ ला तिची देशभरासाठीची सुरुवात झाली ती पालघरहून, आणि पालघर तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. (वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.) डॉक्टरांची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, मुलं तपासते. जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे. हे सगळं छान आहे. पण गाडी येते तेव्हा बाळ गावात असायला हवं ना!

बाकड्यावरची दुसरी एक आई होती कातकरी. दिवाळी झाली की घरदार वीटभट्टीवर, ते पावसाच्या तोंडावर परत. ऑपरेशनची तारीख पडली की ती भट्टीवर. भट्टीचा मालक उचल देऊन बसलेला, तो सोडत नाही. आली की बाळाचं वजन कमी. ओठाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर एक साधा हिशोब बघतात. बाळ दहा आठवड्यांचं हवं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो हवं, हिमोग्लोबिन दहा हवं. दहा-दहा-दहा. माझ्या लेकीला ते गाठायला पाच महिने लागले, तेही आई, सुट्टी आणि डोंबिवलीची टॅक्सी हाताशी असताना. तिचा मुलगा दीड वर्षाचा होता. वजनाच्या काट्यावर ठेवताना दर वेळी ती डोळे मिटायची.

आणखी एक फरक होता. माझ्या लेकीला त्यांनी टाळूला बसेल अशी छोटी प्लेट आणि ओठावर टेप लावली होती, फट आधीच थोडी जवळ यावी म्हणून. त्यासाठी दर आठवड्याला जाऊन प्लेट घासून घ्यावी लागते. कसाऱ्याच्या, मुरबाडच्या बायकांना दर आठवड्याला कोण आणणार? त्यांच्या बाळांना ती नव्हती. ओपीडीत कुणी हे मोठ्याने म्हणत नसे. माझ्या लेकीच्या गालावरची टेप बघून त्या फक्त विचारायच्या, “याचे पैसे किती?”

पैशांचं म्हणाल तर, तेही सांगते, कारण तुम्हाला उपयोगी पडेल. माझ्या मेडिक्लेमने हात वर केले. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, बाहेरून दिसणारे जन्मजात दोष वगळून. पॉलिसी घेताना मी ती पानं स्क्रोल केली होती, तुम्ही करता तशीच. ऑपरेशन झालं ते फुकट. १९९९ साली सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’सारख्या संस्था यासाठी थेट हॉस्पिटलांना पैसे देतात. आमच्या नवऱ्याला फुकट घ्यायची लाज वाटत होती. बाकड्यावरच्या एका आजींनी त्याला सुनावलं, “तुझं कुठं ऑपरेशन हाय रे? पोरीचं हाय ना?”

जुन्नरची मावशी

मुरबाडला आमच्या गल्लीत एक मावशी आहे, माळशेज उतरून लग्न करून आलेली, मूळची जुन्नरकडची. तिच्या वरच्या ओठावर नाकापासून खाली एक पुसट रेघ. लहानपणापासून बघत आलेय, कधी विचारलं नाही. एके दुपारी ती आली, लेकीला मांडीवर घेतलं आणि तिचं बोट धरून स्वतःच्या ओठावरून फिरवलं. “मी शाळेत होते गं, तेव्हा शिवलाय. पुण्याला शिबिरात. अमेरिकेचे दीक्षित डॉक्टर यायचे ना, त्यांनी.”

डॉ. शरदकुमार दीक्षित. मूळ पंढरपूरचे, अमेरिकेत प्लास्टिक सर्जन. १९६८ पासून ते दर वर्षी स्वतःच्या खर्चाने भारतात येऊन मोफत ऑपरेशनं करायचे. पुण्यात भारतीय जैन संघटनेच्या शिबिरांमुळे त्यांचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं. १९७८ च्या अपघाताने त्यांना व्हीलचेअरवर बसवलं, घशाच्या कॅन्सरने आवाज नेला, तरी ते येत राहिले. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला आठवत होतं ते इतकंच, की डॉक्टर खुर्चीत बसलेले होते आणि शिबिरात ओळीने शेकडो पोरं होती, “सगळी माझ्यासारखी. मला वाटायचं, जगात मी एकटीच.”

मिर्झापूरच्या पिंकीची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. तिच्यावरच्या ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळालं, स्लमडॉगच्याच रात्री. २०१३ मध्ये विम्बल्डनच्या फायनलला टॉस करायला ती कोर्टवर उभी होती. छान आहे. पण मला खरा धीर आला तो मावशीमुळे. तिचं लग्न झालंय, दोन मुलगे आहेत, भाजीवाल्याशी ती कचाकचा भांडते. विम्बल्डनपेक्षा मला हे जास्त हवं होतं.

हसू हरवलं

जून २०२३ मध्ये ओठाचं ऑपरेशन झालं. पहाटेपासून उपाशी ठेवलेली पोर माझ्या हातातून घेऊन गेले. आज सर्जन ओठ ज्या पद्धतीने शिवतात, त्यातली सगळ्यात गाजलेली पद्धत राल्फ मिलार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५० च्या दशकात कोरियात असताना बसवली. कापडाचा तिरका तुकडा फिरवून जोड लपवतात ना, साधारण तसं. हे मला एका रेसिडेंट डॉक्टरने कागदावर काढून दाखवलं. शिवणकाम येणाऱ्या माझ्या आईला ते माझ्याआधी समजलं.

बाहेर आली तेव्हा हातांना कोपरापर्यंत पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाके ओढू नयेत म्हणून. आणि चेहरा... नवरा म्हणाला, “किती गोड!” सासूबाई रडल्या. मी बघत राहिले. ही कोण?

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच महिने ती हसायची तेव्हा तिचा अख्खा चेहरा उघडायचा. ओठाचे दोन्ही काठ दोन दिशांना जायचे, नाक पसरायचं, डोळे बारीक व्हायचे. इतकं रुंद हसू मी कुणाचं बघितलं नाही. ज्या चेहऱ्याचे फोटो कुणी काढले नाहीत, तो एका सकाळी गेला. आणि माझ्याकडे त्याचा एकही धड फोटो नव्हता. त्या रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग महिन्याभराने बाकड्यावर, चेकअपला, डोळखांबवाली मला म्हणाली, “ताई, तुम्हाला तिचं आधीचं हसणं आठवत नाय का?” मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या मुलाचं सगळं आतल्या आत होतं, तिचं काही हरवलं नव्हतं. तरी तिने ते बघून ठेवलं होतं, माझ्या लेकीचं.

दोन फोटो शेवटी मिळाले. हॉस्पिटलने रेकॉर्डसाठी काढलेले, एक समोरून, एक बाजूने. फाइलमध्ये नंबर घातलेले. विनंती करून कॉपी आणली. त्यातही ती हसत नाहीये.

‘बाबा’ की ‘मामा’?

टाळूचं ऑपरेशन वर्षाची झाल्यावर, जानेवारी २०२४ मध्ये झालं. बोलायला लागायच्या आत टाळू बंद करावी लागते, नाहीतर शब्दांची हवा नाकातून निसटते. मराठीत त्याला गेंगाणं बोलणं म्हणतात. शाळेत आम्ही एका मुलाला या शब्दाने किती छळलं होतं, ते आता आठवतं. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही.

माझी सव्वीस आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह तोवर कधीच संपली होती. “पण ऑपरेशन झालं ना एकदा?” मॅनेजरने विचारलं. लोकांना वाटतं, टाके घातले की गोष्ट संपली. माझ्या रजेच्या अर्जांची यादी वाचा. कानात पाणी साठतं म्हणून ईएनटी. दात वाकडे येणार म्हणून डेंटिस्ट. दर आठवड्याला स्पीच थेरपी. आठ-नऊ वर्षांची झाली की हिरडीत हाड भरायचं आणखी एक ऑपरेशन. मी वर्क फ्रॉम होमवाली टीम मागून घेतली. प्रमोशन हुकलं. असो.

स्पीच थेरपिस्ट नाकाखाली एक छोटा आरसा धरते. ‘पापा’ म्हणताना आरशावर वाफ आली तर हवा नाकातून गेली. प, ब, ट, ड अशा अक्षरांना तोंडात हवा कोंडावी लागते, तीच जमत नाही. म, न मात्र मजेत जमतात, कारण ते मुळातच नाकातले. त्यामुळे झालं काय, की आमची लेक ‘बाबा’ म्हणायला गेली की व्हायचं ‘मामा’. नवरा हसण्यावारी न्यायचा. माझा भाऊ भलताच खूश होता.

गेल्या वर्षी, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ ला, चंद्रग्रहण होतं. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, रविवार, आम्ही सगळे मुरबाडला. वहिनीला पाचवा महिना. आईने तिला संध्याकाळपासून आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, हात-पाय आखडून बसायचं नाही. वहिनी मजेत मोबाइलवर ग्रहणाचं लाइव्ह बघत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. लेकीला कडेवर घेऊन गच्चीत गेले. थोड्या वेळाने आई मागून आली.

“तेव्हा मी तुला विचारलं, त्याचा तुला राग आला,” ती म्हणाली. पहिल्यांदाच.

“तुला माहीत होतं ना? तू समोरच होतीस. कढई तुझ्याकडे होती.”

“म्हणून तर विचारलं,” ती म्हणाली. “शंकरपाळ्यांचं मला ठाऊकच होतं. ग्रहण लागलंय, तू कातणं फिरवतेयस, सगळं दिसत होतं. पाहुणे यायचे होते. म्हटलं, जाऊ दे, आता कुठे हिला उठवू. मग बाळाचं तोंड बघितलं आणि मला वाटलं, तू म्हणशील, आई, ऑफिसात कधीतरी सफरचंद कापलं होतं. दुसरं काहीतरी. म्हणजे मग माझ्या डोळ्यांदेखतचं ते नसेल.”

अडीच वर्षं ती बोंडलं उकळत होती, आणि मला वाटत होतं ती मला शिक्षा देतेय.

मी तिला आठवड्यांचा हिशोब सांगितला. मे-जून, चौथा ते सातवा आठवडा, भाग कसे जोडले जातात. तिने शिवणकाम समजून घेतलं होतं तसंच नीट ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे तेव्हा तू इथे नव्हतीसच?”

“नव्हते. डोंबिवलीला होते.”

“नक्की ना?”

“नक्की.”

खालून वहिनीचा आवाज आला, “आई, पेरू कापून खाऊ का?”

“सकाळी काप!” आई ओरडली. मग माझ्याकडे बघून खांदे उडवले. मीही काही बोलले नाही. एका रात्रीचा तर पेरू.

ढगांत मध्येच फट पडली आणि खालून कुरतडलेला चंद्र दिसला. लेकीने बोट दाखवलं. थेरपिस्टने त्या आठवड्यात ‘ब’चा अभ्यास दिला होता. ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले, सगळा जोर लावला आणि म्हणाली, “चांदोमा!”

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर आईने हाताने थांबवलं. “चांदोमामाच आहे तो. बरोबर म्हणतेय ती.”

मी मोबाइल काढला आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. मंगळवारी थेरपिस्टला ऐकवायचं होतं.